तीस सेकंदांची अमानत

माध्यमिक शाळेतला एक तास ३५ मिनिटांचा असतो. वर्गात ७० मुले असली, तर साधा भागाकार सांगतो की एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे ३० सेकंद येतात. त्यातून हजेरी वजा करा, फळा पुसण्याचा वेळ वजा करा, मागच्या बाकावरच्या दोघांचे भांडण सोडवण्यात गेलेली मिनिटे वजा करा. उरलेल्या सेकंदांत इंग्रजी शिकवायचे. या सेकंदांवर हक्क कुणाचा? सगळ्यांचा सारखा? हुशार मुलाचा? की ज्याला अजून अक्षरओळखही नीट झालेली नाही, त्याचा? वरवर पाहता हा वेळापत्रकाचा प्रश्न वाटतो. आमच्या मते तो न्यायाचा प्रश्न आहे. धन वाटताना कुणाला किती द्यावे याचा काथ्याकूट शेकडो वर्षे झाला, पण लक्ष वाटताना कुणाला किती द्यावे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

आम्ही म्हणजे पनवेल, तळोजे, उरण, पेण या पट्ट्यातले काही शिक्षक. नोकरीची बरीच वर्षे आम्ही समुद्रापलीकडे इंग्रजी शिकवण्यात काढली. आमच्यापैकी कुणी आखातातल्या भारतीय शाळांत होते, कुणी टांझानियातल्या माध्यमिक शाळेत. आता परत आलो आहोत. कर्नाळ्याच्या डोंगराखालून गोव्याकडे जो रस्ता जातो, त्याच्या आसपास आमच्यातल्या काहींची घरे आहेत. भेटलो की बोलणे फिरून फिरून दोन गोष्टींवर येते. पहिली, भरगच्च वर्गात न्याय म्हणजे काय? दुसरी, ज्यांना शिकवले ती मुले 'दुसऱ्यांची' होती काय, आणि तसे असेल तर आपल्या मुलांचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्याशिवाय दुसऱ्याचे येत नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

कोकणी मुसलमानाला समुद्र नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जंजिरा आणि रत्नागिरीकडची माणसे केपटाऊनला जाऊन राहिली. मोंबासासारख्या बंदरांत कोकणी घरे झाली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रायगड-रत्नागिरीच्या गावागावांतून गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर आखाताकडे निघाले. त्यांच्या मागोमाग त्यांची कुटुंबे गेली, आणि कुटुंबे गेली म्हणजे शाळा लागते, शाळा आली म्हणजे शिक्षक लागतो. भारतीय शिक्षकाची परदेशवाट मात्र त्याहून जुनी आहे. इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या काळात माध्यमिक शाळांतून भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. बहरीनमधली इंडियन स्कूल १९५० सालची. दुबईत १९५९ साली केरळातून आलेले के. एस. वर्की आणि त्यांच्या पत्नी मरियम्मा वर्की यांनी स्थानिक अरबांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली आणि १९६८ साली त्यांची शाळा उभी राहिली. म्हणजे आम्ही ज्या वाटेने गेलो, ती आमच्या आधी पुष्कळांनी तुडवलेली होती.

आम्ही का गेलो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात २००१ साली शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. शाळा वाढल्या, पण त्यातल्या शिक्षकाच्या पगाराची जबाबदारी सरकारने घेतली नाही. 'कायम' हा शब्द २००९ साली काढला गेला, पण अनुदानाची वाट पाहता पाहता अनेकांचे केस पिकले. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ च्या सुरुवातीपर्यंत महिन्याला ८ हजार रुपये मानधन होते, मग ते १८ हजार झाले. मे २०१२ मध्ये शिक्षकभरतीच बंद झाली आणि बी.एड. झालेली पोरे वर्षानुवर्षे घरी बसली. अशा वेळी घरावर कर्ज, बहिणीचे लग्न, बापाचे आजारपण समोर ठेवून जो बाहेर गेला, त्याने हलाल रोजीच शोधली. आम्हाला त्याची लाज नाही आणि कुणी ती बाळगावी असेही आम्ही म्हणणार नाही.

आता तिथला वर्ग. सीबीएसईच्या नियमात एका तुकडीला ४० मुलांची मर्यादा सांगितलेली आहे. आम्ही शिकवलेल्या आखातातल्या तुकड्यांत ती ५० च्या पुढे असे. टांझानियात आमच्यातल्या एकाच्या वर्गात ७० मुले होती. त्या देशाने २०१६ पासून माध्यमिकच्या पहिल्या चार इयत्तांची फी माफ केली आणि जी मुले आजवर दाराबाहेर राहत होती, ती आत आली. गर्दीचे हे कारण मोठे शुभ आहे. आखातात मात्र गर्दीचे कारण वेगळे होते. परक्या देशात राहणाऱ्या मजुराला, कारकुनाला परवडेल अशी शाळा थोडी आणि मुले फार. म्हणून कुठे दोन पाळ्या, कुठे मुलींची सकाळ आणि मुलांची दुपार, कुठे दोघांच्या बाकावर तिघे.

कोकणातले मूल, मलबारचे मूल, हैदराबादचे मूल, बिहारचे मूल अशी सगळी एका वर्गात. प्रत्येकाच्या घरची बोली निराळी, आणि सगळ्यांच्या समोर एकच इंग्रजी पुस्तक. एक वही नीट तपासायला दोन मिनिटे धरली, तर ७० वह्यांना दोन तास वीस मिनिटे लागतात. असे चार वर्ग असले की नऊ तासांहून जास्त. रोज सहा तास शिकवून घरी आलेल्या शिक्षकाने हे नऊ तास कुठून आणावेत? मग वहीवर नुसती लाल टिकली पडते आणि खाली तारीख. मुलाला वाटते, सरांनी पाहिले. सरांना माहीत असते की पाहिलेले नाही. गर्दीत सगळ्यात आधी जीव जातो तो या छोट्या खरेपणाचा.

अशा वर्गात शिक्षकासमोर तीन वाटा असतात.

पहिली वाट सारख्या वाटणीची. कुणावर अन्याय नको, म्हणून सगळ्यांकडे सारखे पाहायचे. फळ्याकडे तोंड करून धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरे लिहून द्यायची. ७० जणांना ७० वाटे मिळाले, हिशेब चोख. पण भाषा ही भाकरीसारखी वाटता येत नाही. भाकरीचा लहान तुकडाही पोटात जातो. इंग्रजीचे मात्र, मुलाने स्वतः तोंड उघडून एक वाक्य बोलल्याशिवाय आणि त्यातली चूक कुणी प्रेमाने दुरुस्त केल्याशिवाय, काहीच आत जात नाही. सगळ्यांना सारखे दिले म्हणजे पुष्कळदा सगळ्यांना सारखेच काही न दिल्यासारखे होते.

दुसरी वाट निकालाची. शाळेला टक्के हवेत, पालकांना टक्के हवेत. मग शिक्षक मनातल्या मनात वर्गाचे तीन भाग करतो. पुढचे दहा पंधरा आपोआप पास होणार आहेत, त्यातल्या चौघांना नव्वदीपलीकडे ढकलायचे. मधले काठावरचे, त्यांना ३५ च्या वर ओढायचे. आणि मागचे वीस? त्यांचे 'काही होणार नाही'. हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना किती सहज उच्चारले जाते! कारखान्यात बाद माल बाजूला काढतात, त्याच हाताने इथे मुले बाजूला काढली जातात. दुःख असे की ही वाट धरणारा शिक्षक आळशी नसतो. तो तर सगळ्यांत जास्त राबतो, जादा तास घेतो, बक्षीसही मिळवतो.

तिसरी वाट दयेची. ज्याला काहीच येत नाही, सगळा वेळ त्याला द्यायचा. ऐकायला ही वाट सगळ्यांत सुंदर. पण वर्ग चालवलेला माणूस जाणतो की दोन मुलांपाशी वीस मिनिटे बसले, तर उरलेली ६८ मुले काय करतात. शिवाय ज्याला थोडे येते आणि अजून शिकायची ओढ आहे, त्याचाही हक्क आहेच. हुशार असणे हा काही गुन्हा नव्हे की त्याच्या शिक्षेत त्याला वाऱ्यावर सोडावे.

तर मग न्याय कशात आहे? इथे आम्हाला कुरआनातल्या ऐंशीव्या सूरहची, सूरह अबसची, आठवण होते. त्या सूरहमागची घटना मुसलमान वाचकाला सांगायला नको, तरी एका वेगळ्या बाजूने ती आठवून पाहू. प्रेषित मुहंमद (स.) मक्केतल्या कुरैश सरदारांशी बोलत होते. ते सरदार वळले तर साऱ्या मक्केची वाट बदलेल, ही उमेद त्यामागे होती. अशा वेळी अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी काही शिकायला आले, आणि त्या क्षणी त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही. त्यावर आयती उतरल्या. ज्याला पर्वा नाही त्याच्यामागे लक्ष आणि जो धावत शिकायला आला तो दुर्लक्षित, हे नको, अशी आठवण त्यात करून दिली गेली. पुढे हेच अंध सहाबी मुअज्जिन झाले आणि प्रेषित (स.) मदीनेबाहेर असताना मदीनेचा कारभारही त्यांच्याकडे सोपवला गेला.

एका शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर या घटनेत एक फार मोठी गोष्ट आहे. लक्ष कुणाकडे वळले आणि कुणाकडून फिरले, एवढी साधी, क्षणभराची बाब आसमानातून दखल घेण्याइतकी मोठी ठरली. कपाळाला पडलेली आठी त्या अंध माणसाला दिसणारही नव्हती. तरीही ती मोजली गेली. आणि तराजूत काय पडले? सरदारांकडून होणारा 'मोठा फायदा' एका पारड्यात आणि एका माणसाची शिकायची ओढ दुसऱ्या पारड्यात. जड ठरली ती ओढ. वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा आमच्या डोळ्यांसमोर येतो तो इथे. त्याच्यावर खर्च केलेल्या वेळाचा निकालाला उपयोग नाही, म्हणून त्याच्याकडून नजर फिरवायची मुभा शिक्षकाला नाही.

नवव्या शतकात कैरवानला होऊन गेलेले इब्न सहनून यांनी शिक्षकांच्या आचारावर एक छोटे पुस्तक लिहिले. गरिबाचे मूल आणि श्रीमंताचे मूल यांना एकाच न्यायाने शिकवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. इमाम गझाली 'इह्या'मध्ये शिक्षकाची कर्तव्ये मोजतात, तेव्हा पहिलेच कर्तव्य सांगतात की शिष्यावर स्वतःच्या मुलासारखी माया करावी. आईला सात मुले असली तरी ती मायेचा सातवा हिस्सा प्रत्येकाला देत नाही. ज्या दिवशी ज्याला ताप, त्या दिवशी ती त्याच्यापाशी बसते, आणि बाकीच्या सहांना ठाऊक असते की आपल्याला ताप आला तर ती आपल्यापाशीही बसेल. आमच्या मते भरलेल्या वर्गातला न्याय हाच आहे. वाटे सारखे नसले तरी चालतील, पण 'माझी पाळी येणार आहे' हा भरवसा प्रत्येक मुलाला असला पाहिजे. अन्याय कमी-जास्त वेळ देण्यात नाही. एखाद्या मुलाचे नाव मनातल्या यादीतून कायमचे खोडण्यात आहे.

हा भरवसा नुसत्या भावनेने टिकत नाही, त्याला पद्धत लागते. आपल्या मकतबात मोठा मुलगा लहान मुलाचा सबक ऐकून घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जुन्या मदरशांत उस्तादांचा धडा संपल्यावर तो विद्यार्थ्यांकडून पुन्हा घोकून घेणारा 'मुईद' असे. हदीसच्या मोठ्या मजलिसीत मागच्यांना ऐकू यावे म्हणून उस्तादांचे शब्द पुढे पोहोचवणारा 'मुस्तमली' असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये लष्करी अनाथालयाची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. ती रीत त्याने आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची पद्धत बसवली. १७९७ साली त्याने लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. जोसेफ लँकेस्टरनेही त्याच सुमारास तशाच शाळा काढल्या. म्हणजे गर्दीच्या वर्गावरचा इलाज एकदा आपल्याच मातीतून परदेशी गेलेला आहे.

आम्हीही तेच केले. सात सात मुलांचे दहा गट. प्रत्येक गटात एक बरे वाचणारा, दोन अडखळणारे, बाकीचे मधले. एका तासात एकाच गटापाशी बसायचे, बाकीचे नऊ गट आपसांत वाचतील, बोलतील. दहा तासांत प्रत्येक गटाची पाळी येते. तीस सेकंदांचा तुकडा रोज फेकण्याऐवजी पंधरवड्यातून एकदा एका गटाला पुरा तास, म्हणजे एका मुलाला पाच मिनिटे. आणि पहिल्या महिन्यातच ७० नावे पाठ करायची, बापाच्या नावासकट. नाव घेऊन हाक मारायला सेकंदभरच लागतो. तेवढ्या सेकंदात मुलाला कळते की आपण गर्दी नाही.

पण इथे एक धोका सांगितला पाहिजे. बेल आणि लँकेस्टरच्या पद्धतीचे पुढे इंग्लंडात काय झाले? एका मास्तरात शेकडो मुले 'भागवता' येतात म्हटल्यावर ती गरिबांसाठी स्वस्तातल्या शाळेची युक्ती झाली. शिक्षकाची हिकमत ही गर्दी करणाऱ्याची सबब होऊ शकते. 'अमुक सर ७० मुलांना छान सांभाळतात' ही स्तुती ऐकली की आम्ही सावध होतो, कारण पुढच्या वर्षी त्यांच्याकडे ८० येतात. शिक्षकाने आपले कर्तव्य केले, म्हणून वर्ग भरणाऱ्याचे कर्तव्य माफ होत नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक आणि सहावी ते आठवी ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीत, जिथे इंग्रजीची खरी कसोटी लागते, तिथे मूल या कायद्याच्या छपराबाहेर उभे असते. आपल्या समाजाच्या ज्या संस्था शाळा चालवतात, त्यांनीही हा आरसा पाहावा. प्रवेश देताना 'कुणाला परत पाठवायचे नाही' ही नियत चांगली आहे. पण आत घेऊन कुणाकडे पाहायचेच नाही, हे मुलाला परत पाठवण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

आणि आम्ही वाटत काय होतो? इंग्रजी. टांझानियात मूल सात वर्षे किस्वाहिलीत शिकते आणि माध्यमिकला येताच सगळे विषय एकदम इंग्रजीत सुरू होतात. काल वर्गात पहिला असलेला मुलगा आज मुका होतो. त्याची अक्कल रातोरात कमी झाली काय? आपल्याकडे मराठी किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी सायन्सला गेला की त्याचे नेमके हेच होते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी हे मुकेपण गेलेले नाही. कोकणी मुसलमानाच्या मुलाच्या घरात कोकणी, शाळेत उर्दू किंवा मराठी, मकतबात अरबी, आणि नोकरीच्या दारावर इंग्रजी. चार भाषांचे धन अंगावर घेऊन फिरणाऱ्या मुलाला 'इंग्रजी येत नाही' म्हणून ढ ठरवणे, हा त्याच्या तीन भाषांचा अपमान आहे. कर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दरवाजांवर दोन शिलालेख सांगितले जातात, एक मराठीत आणि एक फारसीत. आपल्या डोंगरावर दोन भाषा एकमेकींना खाली न ओढता नांदल्या आहेत. तिसरीने यावे, जरूर यावे, पण तिने घरमालकीण होऊन यायचे कारण नाही. वर्गात एका कोकणी किंवा किस्वाहिली शब्दाने जे समजते, ते समजवायला इंग्रजीची दहा वाक्ये लागतात. ३० सेकंद ज्याच्यापाशी आहेत, त्याने मुलाच्या मायबोलीची मदत नाकारणे ही चैन आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. गावी आलो की वडीलधारी माणसे विचारतात, 'बाबा, तिकडच्या पोरांना शिकवलेत, अल्लाह त्याचा अज्र देवो. पण इकडच्या पोरांचे काय?' प्रश्न रास्त आहे. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. आणि 'इकडची पोरे' म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातली नव्हेत. कर्नाळ्याच्या आसपास ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्याबरोबर मुले जातात. हजेरीपटावर नाव राहते, बाक रिकामे होते.

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी दिली जातात आणि दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात. पहिले उत्तर, 'इथे काही मिळत नव्हते.' हे खरे आहे, पण त्यातून जाण्याचे कारण कळते, देणे फिटत नाही. दुसरे उत्तर, 'आम्ही पैसे पाठवले.' हेही खरे आहे. त्या पैशाने मशिदींना फरशी आली, गावात दुमजली घरे झाली, शाळांच्या इमारतीही झाल्या. पण ज्या शाळेत इंग्रजीचा तास घ्यायला माणूस नाही, तिच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावल्याने मुलाला एक वाक्यही बोलता येत नाही.

तिसरे उत्तर आम्ही असे देतो. ज्या मुलासमोर शिक्षक उभा आहे, ते मूल त्या तासापुरते त्याचेच आहे. त्याचा पासपोर्ट विचारायचा नसतो. हुकूकुल इबादमध्ये, माणसाच्या माणसावरच्या हक्कांत, सरहद्द कुठे येते? आणि जरा आठवून पाहा, आपल्याला कुणी शिकवले? रायगड-रत्नागिरीच्या जिल्हा परिषद शाळांत वर्षानुवर्षे घाटावरचे शिक्षक आले. सांगली, सातारा, सोलापूर, बीडकडचे. आईबाप तिकडे, शेत तिकडे, बदलीचा अर्ज दरवर्षी सरकारदरबारी, आणि हे इथे आमच्या लाल मातीत, पावसात भिजत, आमच्या बोलीवर हसत आणि मग तीच शिकत. त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यांनीही त्यांना विचारले असेलच, 'तिकडच्या पोरांना शिकवतोस, इकडच्यांचे काय?' त्यांनी आम्हाला 'दुसऱ्यांची पोरे' मानले असते, तर आज हा लेख लिहायला आम्ही नसतो. शिक्षकाच्या धंद्यात उधारी अशीच फिरते. ज्याच्याकडून घेतले त्याला ती फेडता येत नाही, पुढच्याला द्यावी लागते.

म्हणजे बाहेरच्या मुलाला शिकवून आम्ही कुणाचा हक्क मारला नाही. पण म्हणून गावाचे देणे संपले, असेही नाही. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या रानात तिबोटी खंड्या येतो. ओढ्याच्या काठी बीळ करून पिल्ले वाढवतो आणि पाऊस सरला की निघून जातो. १९६८ सालापासून हे रान अभयारण्य आहे, त्यामुळे त्याला तेवढी सुखाची जागा मिळते. पाखराकडे कुणी हिशेब मागत नाही. माणसाकडे मागितला जातो, कारण त्याच्याकडे अमानत असते. आमच्याकडची अमानत कोणती? गर्दीचा वर्ग कसा उभा करावा, मुक्या मुलाचे तोंड कसे उघडावे, चार बोलींच्या वर्गात एक भाषा कशी रुजवावी, हे जे परक्या देशातल्या मुलांच्या जिवावर आम्ही शिकलो, ते. हे बँकेतून पाठवता येत नाही. ते हातानेच पोहोचवावे लागते.

सौदीत जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल आकार सुरू झाला आणि २०२० पर्यंत तो दरवर्षी वाढत गेला. अनेक कुटुंबे परतली. त्यांच्याबरोबर शिकलेल्या, वर्ग सांभाळलेल्या कितीतरी बहिणी परतल्या. पनवेलचा पसारा २०१६ साली महापालिका होण्याइतका वाढला आहे. माणसे वाढत आहेत, म्हणजे वर्गही भरत जाणार. अशा वेळी परत आलेला प्रत्येक शिक्षक, प्रत्येक शिक्षिका ही समाजाची दौलत आहे, आणि ती दुपारी टीव्हीसमोर बसून आहे.

आमचे मागणे फार नाही. ज्याने बाहेर पाच वर्षे शिकवले, त्याने परतल्यावर जवळच्या एका शाळेत आठवड्याला दोन तास द्यावेत. ती शाळा उर्दू की मराठी, मुले मोहल्ल्यातली की वाडीवरची, हे विचारू नये. संस्थाचालकांनी त्याच्या गळ्यात हार घालून सत्कार करण्याऐवजी त्याला सात मुलांचा एक गट आणि बसायला एक चटई द्यावी. तरुण शिक्षकाला पद्धत हवी असेल तर ती सांगावी, नको असेल तर त्याच्या वह्या तपासून द्याव्यात. आणि देणगी द्यायचीच असेल, तर ती पाटीसाठी न देता वर्गात आणखी एक माणूस उभा राहील यासाठी द्यावी.

७० मुलांच्या वर्गात एका शिक्षकाचे ३० सेकंद होतात. तिथे दुसरा माणूस उभा राहिला की मिनिट होते. गणित एवढे सोपे आहे. आखिरतमध्ये निकालाचे टक्के विचारले जातील की नाही, अल्लाह जाणे. पण समोर बसलेल्या अमक्याच्या मुलाचे नाव काय होते, आणि तो शेवटचा कधी बोलला, हे विचारले तर सांगता यावे, इतके तरी प्रत्येक शिक्षकाला जमले पाहिजे.